हक्क आधी की हिशेब आधी? सोलापूरच्या जुन्या मिलमागील तत्त्वचर्चेची पार्श्वभूमी

कायद्याचे विद्यार्थी समानतेच्या हक्काचे प्रकरण वाचताना ज्या निकालापाशी हमखास थांबतात, तो चरणजितलाल चौधरी यांचा खटला सोलापूरच्या गिरणीतून निघाला, ही गोष्ट खुद्द सोलापुरात फारशी बोलली जात नाही. १८७४ साली मोरारजी गोकुळदास यांनी स्थापन केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे गावाच्या तोंडची ‘जुनी मिल’, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये, राज्यघटना अमलात येण्याच्या काही दिवस आधी, केंद्राने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे दिला. गैरव्यवस्थेमुळे एका आवश्यक मालाचे उत्पादन घटले आणि लोकांवर बेकारी ओढवली, अशी कारणे त्यात नमूद होती. त्यावर भागधारक न्यायालयात गेले. मालमत्तेचा हक्क श्रेष्ठ की कामावाचून बसलेल्यांची अडचण, असा हा पेच होता. तो समजायचा तर युरोपात दोन-अडीचशे वर्षे चाललेल्या वादाकडे पाहावे लागते.

भागधारकांच्या युक्तिवादामागे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकची छाया दिसते. राज्यसंस्थेविषयीच्या १६८९ मधील प्रबंधात त्याने असे मांडले की मालमत्तेचा हक्क सरकार देत नाही. माणूस आपले श्रम एखाद्या वस्तूत मिसळतो तेव्हा ती त्याची होते, आणि त्या हक्काच्या रक्षणासाठी तो सरकार निर्माण करतो. हा सिद्धान्त गिरणीला लावू पाहिला की तो दुधारी ठरतो. सुतात श्रम मिसळले ते साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असलेल्या कामगाराने. शेअर घेणाऱ्याने मिसळले ते भांडवल. लॉकने ही अडचण आपल्या नोकराचे श्रम धन्याच्या खाती टाकून सोडवली, आणि माझ्या मते त्याच्या विवेचनातील सर्वांत कच्चा दुवा तोच आहे.

जेरेमी बेंथमला मुळात निसर्गदत्त हक्क ही कल्पनाच मान्य नव्हती. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने नीती आणि कायदा यांचे एकच माप सांगितले, ते सुखदुःखाचे; फ्रेंच क्रांतीतल्या हक्कांच्या जाहीरनाम्याला तर त्याने पुढे शुद्ध बडबड ठरवले. त्याच्या हिशेबात बंद गिरणी चालू करणे उघडच योग्य ठरते, कारण मूठभरांच्या तोट्यापुढे हजारोंची चूल पेटते. पण हाच हिशेब उद्या कामगारांच्याही विरुद्ध जाऊ शकतो, हे उपयुक्ततावादावरील, म्हणजे बेंथमच्या या विचारावरील, जुने आणि आजही न फिटलेले दूषण आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने बेंथमच्या ग्रंथाआधीच, १७८५ मध्ये, अशा हिशेबालाच आव्हान दिले होते. डेव्हिड ह्यूमने बुद्धीला भावनांची दासी म्हटले होते: बुद्धी वाट दाखवील, कुठे जायचे ते ठरवणार नाही. कांटचे म्हणणे याच्या उलट होते. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांनी पाळावा असे आपल्याला विसंगतीवाचून म्हणता येते का, ही कसोटी बुद्धी स्वतःच देते. आणि ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, माणसाला मात्र प्रतिष्ठा असते, म्हणून त्याला केवळ साधन करता येत नाही.

मराठीत हा वाद उशिरा पोहोचला, तरी कच्चा पोहोचला नाही. आगरकरांनी १८८८ पासून ‘सुधारका’त बुद्धिप्रामाण्य मांडले, त्यामागे जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचे वाचन होते, टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त पाश्चात्त्य सुखवादाची सविस्तर तपासणी करून तो अपुरा ठरवला आणि कांटला जवळचे मानले.

मात्र ज्या जॉन स्टुअर्ट मिलवर आपल्या सुधारकांची एक पिढी वाढली, त्याने १८५९ च्या स्वातंत्र्यावरील निबंधात व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही असे स्पष्ट लिहिले होते, आणि त्याआधी पस्तीस वर्षे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्या अपवादाचा अर्थ सोलापुरात तारेच्या कुंपणातून दिसत असे. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या कुटुंबांची येथे सेटलमेंट, म्हणजे कुंपण घातलेली वसाहत, होती, तेथे हजेरी द्यावी लागे, आणि तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात. कृत्य घडण्याआधीच ठरलेला गुन्हा कांटच्या कोणत्याही कसोटीवर टिकत नाही. उपयुक्ततेच्या हिशेबात मात्र तो ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या सदराखाली सहज बसवता येत होता. हे कायदे देशभरातून रद्द झाले ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

सर्वोच्च न्यायालयातील गिरणीची गोष्टही सरळ गेली नाही. ४ डिसेंबर १९५० रोजी बहुमताने ठरले की एकटी कंपनीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वर्ग होऊ शकते, आणि शेअर हातात असल्याने भागधारकाची मालमत्ता गेलेली नाही. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात त्याच न्यायालयाने त्याच गिरणीबाबत उलट निर्णय दिला: कारभार काढून घेणे म्हणजे भरपाईवाचून मालमत्ता हिरावणेच होय. मालमत्तेच्या हक्कावर मर्यादा घालणारी १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती होण्यामागे हा निकालही होता.

यानंतरच्या पाश्चात्त्य चर्चेत तीच भांडणे नव्या भाषेत आली. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये अज्ञानाच्या पडद्याआड, म्हणजे आपण मालक होणार की बदली कामगार हे ठाऊक नसताना, नियम निवडायला सांगितले. रॉबर्ट नॉझिकने १९७४ मध्ये लॉकचा मालक परत आणला. अधिक धाडसी प्रयत्न ॲलन गेवर्थचा, १९७८ चा. त्याचा युक्तिवाद असा: हेतू ठेवून कृती करणाऱ्या कोणालाही स्वातंत्र्य आणि किमान सुस्थिती आवश्यक मानावीच लागते, म्हणून तो त्यांवर हक्क सांगतो, आणि तो हक्क केवळ कर्ता असल्यामुळे सांगत असल्याने इतर कर्त्यांना नाकारणे त्याच्याच बोलण्याशी विसंगत होते. ॲलस्डेर मॅकिन्टायरने १९८१ मध्ये यातील फट दाखवली: मला एखादी गोष्ट लागते, यातून ती माझा हक्क आहे असे निघत नाही, असे हक्क मानणे त्याला चेटकिणींवर विश्वास ठेवण्यासारखे वाटले. आक्षेप खरा आहे, तरी सेटलमेंटच्या कुंपणाआडच्या माणसाला गेवर्थ जे देऊ पाहतो, ते मॅकिन्टायरच्या परंपरानिष्ठ नीतीतून मिळेल असे मला दिसत नाही.

गेवर्थचा ग्रंथ आला त्याच वर्षी, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून कलम ३००-अ मध्ये साध्या कायदेशीर हक्काच्या रूपाने उरला. कामाचा हक्क कलम ४१ मध्ये, न्यायालयाकडून बजावून घेता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत, पहिल्यापासून आहे तेथेच आहे. आणि जुन्या मिलच्या दोन्ही निकालांत दाद मागायला आलेला माणूस भागधारक होता, साच्यावरचा कामगार नव्हे.