डेमो व्हिडिओची बॅकग्राउंड फ्रेम

सॉफ्टवेअर कसं चालतं ते दाखवायला स्क्रीन रेकॉर्ड करायची, आणि ते रेकॉर्डिंग काठापासून काठापर्यंत न ताणता थोडं लहान करून एखाद्या रंगावर, ग्रेडियंटवर (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटेवर) नाहीतर फोटोवर मधोमध बसवायचं, कोपरे जरा गोल करायचे, खाली हलकी सावली द्यायची, या सगळ्याला मिळून बॅकग्राउंड फ्रेम म्हणतात. बोलताना कुणी 'मागं बॅकग्राउंड टाक' म्हणतं तर कुणी 'बॉर्डर दे', पण बॉर्डर म्हणजे नुसती कडेची रेघ, इथं खरं काम मोकळ्या जागेचं आहे.

उगम : यावर एकमत नाही. रेकॉर्डिंग स्वतः जुनं आहे. स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरपैकी लोटस स्क्रीनकॅम 1990च्या दशकातलं, कॅमटेशिया 2002च्या सुमाराचं, आणि अशा रेकॉर्डिंगसाठी 'स्क्रीनकास्ट' हा शब्द तंत्रज्ञानावर लिहिणारे जॉन उडेल यांनी 2004 मध्ये वाचकांकडून नावं मागवून रूढ केला. त्या काळातली रेकॉर्डिंगं बहुतेक अख्खी स्क्रीनच दाखवायची, टास्कबारसकट. मागं वेगळी पार्श्वभूमी द्यायची पद्धत कुठून आली याबद्दल तीन मतं सांगता येतात. पहिलं, फोटो फ्रेमवाले चित्राभोवती जो माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची रुंद पट्टी, टाकतात त्याचंच हे पडद्यावरचं रूप. दुसरं, टीव्हीवर जुनं 4:3 चित्र रुंद स्क्रीनवर दाखवताना बाजूच्या काळ्या पट्ट्यांच्या जागी तेच चित्र धूसर करून भरतात, त्यातून ही कल्पना आली. तिसरं, मॅकवर एकट्या विंडोचा स्क्रीनशॉट घेतला की सावली आपोआप सोबत येते, ती दिसायला मागं काहीतरी लागतं, म्हणून लोक रंग टाकायला लागले.

तिसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण आजच्या फ्रेमांमधली सावली बघा, ती पसरट असते आणि वरच्यापेक्षा खाली जास्त पडते, अगदी मॅकच्या विंडोसारखी, आणि टीव्हीच्या पट्ट्यांना सावली नसतेच. माउंटची आठवण मात्र एका गोष्टीत टिकून आहे. फ्रेमवाले चित्राखालची पट्टी वरच्यापेक्षा किंचित रुंद ठेवतात, आणि बरेच जण डेमोतली विंडोही मध्यापेक्षा थोडी वर बसवतात. कोल्हापूरकराला इथं नाटकाचे रंगवलेले पडदे आठवणारच. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, म्हणजे पुढचे बाबूराव पेंटर, यांनी 1917-18च्या सुमारास बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही चित्रपट कंपनी उभी राहण्याआधी नाटक कंपन्यांसाठी असे पडदे रंगवले होते. डेमोच्या फ्रेमशी त्यांचं थेट नातं लावणं बरोबर नाही, पण मागचं चित्र कितीही देखणं असलं तरी नजर पुढच्या माणसावरच राहिली पाहिजे, ही अट दोन्हीकडं एकच आहे.

माप : सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. समजा कॅनव्हास, म्हणजे व्हिडिओची पूर्ण चौकट, 1920×1080 पिक्सेलची आहे आणि रेकॉर्डिंगही तेवढंच आहे. डावी-उजवीकडं 80-80 पिक्सेल सोडले की रेकॉर्डिंग 1760×990 होतं आणि वर-खाली फक्त 45-45 उरतात, म्हणून फ्रेम चपटी दिसते आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. चारी बाजूंना 80 पाहिजेत तर विंडो 1760×920च हवी, म्हणजे ती रेकॉर्ड करण्याआधीच तेवढी करून घ्यायची. याचा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे, रेकॉर्डिंग लहान करावंच लागत नाही, पिक्सेलला पिक्सेल बसतो. 1366×768च्या लॅपटॉपवर हे मावत नाही, तिथं 1280×720चा कॅनव्हास आणि 1200×640ची विंडो घेतली की चारी बाजूंना 40 मिळतात. माप सम आकड्यातच ठेवायचं, कारण नेहमीच्या एच.264 (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) व्हिडिओत रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलच्या चौकोनासाठी एकत्र साठवतात आणि विषम माप दिलं तर एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एरर देऊन थांबतं.

लहान करण्याचा फटका मराठी स्क्रीनला जास्त बसतो. रोमन अक्षर थोडं धूसर झालं तरी वाचता येतं, पण आपल्याकडं अनुस्वार, रफार, उकार हे सगळे बारीक तुकडे आहेत, ते आधी जातात. दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरच्या डेमोत फॅट 6.5 मधला ठिपका गेला तर समोरच्याला 65 दिसतं, कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाला वजनाच्या रकान्यात तेच दिसणार.

पार्श्वभूमी : साधा रंग सगळ्यात सुरक्षित. ग्रेडियंटमध्ये पट्टे पडतात, कारण नेहमीच्या 8 बिट व्हिडिओत लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाच्या 256च पायऱ्या असतात. दोन जवळचे रंग घेतले आणि त्यांच्यात 30 पायऱ्यांचा फरक असला तर 1920 पिक्सेलवर एकेक पट्टा 64 पिक्सेलचा होतो, तो डोळ्याला दिसतो, वर कॉम्प्रेशन त्याला अजून ठळक करतं. थोडा दाणा, म्हणजे बारीक विखुरलेले ठिपके, मिसळला की पट्टे फुटतात. रंकाळ्याचा किंवा पन्हाळ्याचा फोटो टाकायचा असेल तर खुशाल टाकावा, स्थिर फोटोला डेटा फार लागत नाही, पण तो धूसर आणि थोडा गडद करून घ्यावा. हलती पार्श्वभूमी टाळलेलीच बरी, ती डेटा खाते आणि विंडोतली अक्षरं पुसट होतात.

साधनं : 2012 पासून मिळणाऱ्या ओबीएस या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये चित्र खाली आणि विंडो कॅप्चर वर ठेवलं की झालं, गोल कोपऱ्यांसाठी इमेज मास्क फिल्टर आहे. मधे भोक पाडलेली, म्हणजे तेवढा भाग पारदर्शक असलेली पीएनजी इमेज वरून ठेवली तरी चालतं, मात्र एच.264 मध्ये पारदर्शकता टिकत नाही, म्हणून पार्श्वभूमी एक्सपोर्टच्या आधीच जोडावी लागते. मॅकवरचं स्क्रीन स्टुडिओ, साधारण 2023च्या आसपासपासून लोकप्रिय झालेलं, फ्रेम आणि झूम दोन्ही आपोआप करतं.

फोनवर : गिऱ्हाईक बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर, फोन उभा धरून बघतं. वर सांगितलेले दोन्हीकडचे 80-80 मिळून 160 पिक्सेल म्हणजे रुंदीतला 8 टक्क्यांच्या वर भाग, शिवाय व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबतं ते वेगळंच. अशा व्हिडिओला कडेची जागा 24 पिक्सेलवर आणावी, सावली काढून टाकावी आणि ब्राउझर 125 टक्के झूम करून मग रेकॉर्ड करावं.