ताठरलेल्या पायांची चाल कशी मोजायची?

आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया या आजारात मेंदूकडून पायांना हुकूम नेणारे लांब मज्जातंतू टोकाकडून हळूहळू निकामी होतात. पाय ताठरतात, गुडघा नीट वाकत नाही, पंजा उचलला जात नाही. चप्पल बघूनही कळतं: पुढचं टोक घासून पातळ झालेलं, टाच मात्र शाबूत. आजार घराण्यातून येतो. सर्वाधिक आढळणाऱ्या एसपीजी-४ प्रकारात आई-वडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला सदोष जनुक मिळण्याची शक्यता ५० टक्के.

तो थांबवणारं औषध अजून नाही, आणि तो वाढतो फार सावकाश. मोजणाऱ्याची खरी अडचण हीच. वर्षभरात चालीत पडलेला फरक इतका बारीक असतो, की मोजताना जराशी ढिलाई झाली तर तो हाती लागत नाही.

सर्वांत सोपी चाचणी १० मीटर चालण्याची. तिला सरळ, सपाट १४ मीटर जागा लागते. ०, २, १२ आणि १४ मीटरवर फरशीला चिकटपट्टी लावायची. रुग्ण शून्यापासून निघतो. त्याचं पाऊल २ ची खूण ओलांडताच स्टॉपवॉच सुरू, १२ ची ओलांडताच बंद. दोन्हीकडचे दोन-दोन मीटर वेग धरायला आणि थांबायला. आधी नेहमीच्या चालीने तीनदा, मग तोल सांभाळून जमेल तितकं भरभर तीनदा. दोन्ही सरासऱ्या वेगवेगळ्या लिहायच्या. १२.५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. या वेगाने १२ मीटर रुंद रस्ता ओलांडायला १५ सेकंद जातात.

चुका बारीकसारीक असतात. मागच्या वेळी बूट आणि या वेळी स्लीपर, किंवा आधी काठी नव्हती आणि आता आहे, तर आकडे जुळवता येत नाहीत. म्हणून हे दर वेळी लिहावंच. सोबतच्याने अर्धं पाऊल मागे चालावं. तो पुढे गेला, तर रुग्ण त्याच्या चालीने चालू लागतो. चोपड्याहून किंवा शहाद्याहून एसटीत ताटकळत बसून आलेल्याला उतरल्या-उतरल्या चालायला लावू नये, कारण बसून पाय आणखी आखडतात. थंडीतही ताठरपणा वाढतो. धुळ्यातल्या जानेवारीच्या सकाळची नोंद मे महिन्यातल्या दुपारच्या नोंदीशी ताडून पाहणं चूकच.

याच आजारासाठी २००६ साली एसपीआरएस (स्पास्टिक पॅराप्लेजिया रेटिंग स्केल) ही मोजपट्टी आली. तिच्यात १३ बाबी, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. चालण्याचं अंतर, वेग, जिना, खुर्चीतून उठणं, ताठरपणा, स्नायूंची ताकद हे सगळं तीत येतंच. वेदना आणि लघवी-शौचावरचा ताबाही येतो.

तरीही दवाखान्याची गुळगुळीत फरशी म्हणजे शेत नव्हे. पावसानंतरच्या काळ्या चिकट मातीत पाय उचलणं, कापूस वेचताना सरीतून आडवं वळणं, एसटीची उंच पायरी, उकिडवं बसून उठणं: हे स्टॉपवॉचला दिसत नाही. समजा, वेग वर्षभर तसाच राहिला, पण बाईने आठवडी बाजार सोडला. कारण विचारल्यावर कळतं, की लघवीची घाई लागली तर आडोशापर्यंत पोहोचता येत नाही. आमच्या मते ही नोंद वेगाच्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

ती मिळवायची तर प्रश्न नेमका हवा. ‘चालायला त्रास होतो का?’ याला ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं. ‘गेल्या सात दिवसांत किती वेळा पडलात? तोल जाऊन भिंत किती वेळा धरली? कुठे जायचं टाळलंत?’ असं विचारावं. अहिराणीत मोकळं होणाऱ्याला अहिराणीतच. उत्तर रुग्णानेच द्यावं. मुलगा किंवा नवरा शेजारी असला, की तोच बोलतो, आणि पडणं लपवलं जातं. पडल्याची आठवणही लवकर पुसट होते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात पडल्यास फुली, सावरल्यास टिंब करायला सांगावं.

स्टॉपवॉचचा वेळ आणि कॅलेंडरातल्या खुणा ही दोन्ही मापं सोबत लागतात ती विशेषतः बॅक्लोफेनचा डोस बदलताना. हे औषध ताठरपणा उतरवतं. पण स्नायू कमजोर असतील, तर त्याच ताठरपणावर माणूस उभा असतो. डोस जास्त झाला की पाय लुळे पडतात. कधी १० मीटरचा वेळ सुधारतो आणि कॅलेंडरातल्या फुल्या वाढतात. तेव्हा फुल्यांवर विश्वास ठेवावा आणि डॉक्टरांना भेटून डोस कमी करून घ्यावा. गोळ्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्याने आकडीचे झटके येऊ शकतात.