मक्याची पिशवी मातीत खरंच विरते का?

हल्ली मिठाईच्या दुकानात, भाजीवाल्याकडे 'मी प्लास्टिक नाही' असं छापलेल्या मऊ पिशव्या मिळतात आणि आपण त्या निर्धास्त घेतो, की मक्यापासून बनलीय ना, मग कुठेही टाकली तरी माती होणार. इथेच गडबड आहे. कशापासून बनली आणि पुढे तिचं काय होणार, याचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसापासून पॉलिथिन बनतंय, पण ते नेहमीच्या पॉलिथिनइतकंच चिवट, कुजत नाही. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुतेक पेट्रोलियमपासूनच बनतं, तरी जिवाणू ते खातात, आणि कंपोस्टेबल, म्हणजे खत होऊ शकणाऱ्या, पिशव्यांत तेच भरपूर असतं.

आता पीएलए घ्या, मक्याच्या स्टार्चपासून बनणारं प्लास्टिक. याच्या लांब साखळ्या आधी पाण्याने तुटाव्या लागतात, मगच जिवाणूंना ते तुकडे पचतात, आणि हे तुटणं नीट व्हायला ६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. मोठ्या कंपोस्ट प्लांटच्या ढिगात तेवढी उष्णता आपोआप तयार होते, म्हणून कंपोस्टेबलची टेस्टही साधारण ५८ अंशांवर घेतात, १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला तर पास. बाल्कनीतल्या कुंडीत किंवा नाल्यात ही उष्णता कुठून येणार?

इंग्लंडच्या प्लिमथ युनिव्हर्सिटीने २०१९ मध्ये दाखवून दिलं की 'बायोडिग्रेडेबल' (जिवाणूंनी कुजणारी) असं लिहिलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनसुद्धा सामान उचलू शकत होती! कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत गायब झाली, पण मातीत २७ महिन्यांनी तशीच होती, फक्त वजन पेलत नव्हती.

म्हणून पिशवीवरचं झाडाच्या पानाचं चित्र बघून विश्वास ठेवू नका, पिशवीवर 'कंपोस्टेबल' शब्द, बनवणाऱ्याचं नाव आणि सर्टिफिकेट नंबर आहे का ते बघा, आपल्याकडे नियमाने ते छापावंच लागतं आणि माल आयएस/आयएसओ १७०८८ या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकात बसावा लागतो. दुकानदाराला विचारा, बिनधास्त विचारा. आणि वापरून झाली की ओल्या कचऱ्यात, तेही तुमच्याकडचा ओला कचरा खरंच कंपोस्ट प्लांटला जात असेल तर. पीएलएचे पारदर्शक ग्लास पाण्याच्या बाटल्यांसोबत भंगारात देऊ नका, दिसायला सारखे असले तरी पीएलए १७० अंशांच्या आसपास वितळतं, बाटलीचं पीईटी (पेट) प्लास्टिक २५० च्या, त्यामुळे रिसायकलिंगचा चांगला मालही खराब होतो.