सुशीतला भात, मीठ आणि पारा

सुशी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कच्चा मासा येतो आणि मग तिच्या पौष्टिकतेची चर्चाही माशाभोवतीच फिरत राहते. कोणाला त्यात ओमेगा-३ दिसते, तर कोणाला जंत. वास्तविक सुशी हे नाव माशाचे नाही. व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून कालवलेल्या भाताचे आहे. भाताशिवाय वाढलेल्या कच्च्या माशाच्या कापांना सशिमी म्हणतात, आणि मासा अजिबात नसलेली, आत केवळ काकडी असलेली गुंडाळीही सुशीच असते. पदार्थ वर्षातून दोनदा खायचा असेल तर या नावाच्या घोळाने काही बिघडत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा तेच जेवण करायचे असेल, तर मात्र आपण नेमके काय खातो आहोत हे माशाच्या खाली वाकून पाहावे लागते.

गंमत अशी की या पदार्थाच्या जुन्या रूपात भाताला काहीच किंमत नव्हती. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात आजही केली जाणारी फुनाझुशी ही त्या जुन्या पद्धतीची आठवण आहे: मासा आधी मिठात आणि मग भातात महिनोन्‌महिने दडपून ठेवायचा, भात आंबून त्यात तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाने मासा टिकवायचा आणि खाताना भात बहुधा काढून टाकायचा. बोटांनी दाबून केलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली निगिरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, चटकन खाण्याचा पदार्थ म्हणून रुजली. आंबण्याची वाट पाहण्याऐवजी आता आंबटपणा थेट व्हिनेगरमधून येऊ लागला, आणि टाकून द्यायचा भात हाच पोट भरणारा भाग झाला.

एक निगिरी उलगडून वजनकाट्यावर ठेवली तर साधारण १५ ते २० ग्रॅम भात आणि १० ते १५ ग्रॅम मासा निघतो. अशा दहा निगिरींचे जेवण धरले तर सुमारे १८० ग्रॅम शिजलेला भात आणि १२० ग्रॅम मासा पोटात जातो. मासा किती चरबीचा आहे त्यानुसार त्यातून ४०० ते ५०० किलोकॅलरी ऊर्जा आणि ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. एका वेळच्या जेवणासाठी हा हिशेब चांगलाच म्हणावा लागेल. शिवाय मासा सॅल्मन किंवा मॅकरेलसारखा तेलकट असेल, तर ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर मिळतात. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण प्रौढांसाठी रोज २५० मिलिग्रॅम पुरेसे मानते आणि संवर्धित, म्हणजे पाळून वाढवलेल्या, सॅल्मनच्या १०० ग्रॅममधून त्याच्या कितीतरी पट मिळू शकते. कोळंबी, ऑक्टोपस किंवा ट्यूनाचा लाल, चरबीविरहित भाग यांच्याकडून मात्र तेवढी अपेक्षा ठेवू नये.

त्याच दहा निगिरींमधून तंतुमय पदार्थ जेमतेम एक ग्रॅम मिळतात, तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅमची शिफारस करते. भात पॉलिश केलेल्या, आखूड दाण्याच्या तांदळाचा असतो आणि तो रक्तातील साखर वेगाने वाढवतो. व्हिनेगर येथे थोडी मदत करते, कारण त्यातील ॲसिटिक आम्लामुळे पोट सावकाश रिकामे होते. व्हिनेगर घातलेल्या भातानंतर रक्तातील साखर साध्या भाताच्या तुलनेत कमी चढते, असे जपानी अभ्यासांत आढळले आहे. तरीही त्या व्हिनेगरबरोबर साखर येते हे विसरून चालणार नाही. नेहमीच्या प्रमाणाने कालवलेल्या १८० ग्रॅम भातात सहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती फार नाही, पण जिभेला गोड न लागल्यामुळे ती कोणाच्या खात्यातही जमा होत नाही.

गुंडाळ्यांचा, म्हणजे माकीचा, हिशेब आणखी बिघडतो. भात बाहेरच्या बाजूला असलेल्या जाड रोलमध्ये भाताचे प्रमाण वाढते, माशाची जागा खेकड्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कांड्या घेतात आणि त्या कांड्या पांढऱ्या माशाच्या लगद्यात स्टार्च, साखर व मीठ मिसळून केलेल्या असतात. वरून मेयोनीज आले की प्रत्येक चमच्यामागे शंभरेक किलोकॅलरी वाढतात. टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली कोळंबी किंवा भाजी, आत घातली की त्यात तेलाची भर पडते. असे दोन रोल आणि दहा निगिरी ही दोन वेगळी जेवणे आहेत, आणि ‘सुशी आरोग्याला चांगली’ या एकाच वाक्यात दोघांना बसवणे मला तरी योग्य वाटत नाही.

आता मिठाकडे वळू, कारण नियमित खाणाऱ्यासाठी माझ्या मते खरा प्रश्न येथे आहे. दहा निगिरींच्या भातातच सुमारे दीड ग्रॅम मीठ असते. एक मोठा चमचा सोया सॉस वापरला तर त्यातून सव्वादोन-अडीच ग्रॅम मीठ येते आणि सोबत मिसो सूपची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याच्या सूपची, एक वाटी घेतली तर आणखी सव्वा ग्रॅमच्या आसपास. ही बेरीज पाच ग्रॅमपर्यंत पोहोचते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी पूर्ण दिवसाची मर्यादा म्हणून सांगितलेला आकडाही नेमका तेवढाच आहे. जपानी लोकांच्या दीर्घायुष्याचे श्रेय सुशीला देणाऱ्यांनी त्या देशाचा मिठाशी चाललेला झगडाही पाहावा. विसाव्या शतकाच्या मध्यावर पक्षाघात हे जपानमधील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते, उत्तरेकडील अकिता प्रांतात मिठाचे सेवन विशेष जास्त होते, आणि पुढील दशकांत मीठ कमी करण्याच्या मोहिमा आणि रक्तदाबावरील उपचार यांच्या जोडीने ते मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. आजही तेथील प्रौढांचे मिठाचे सरासरी सेवन दिवसाला १० ग्रॅमच्या घरात आहे.

सोया सॉस किती पोटात जाणार हे बरेचसे निगिरी कशी बुडवली जाते त्यावर ठरते. भाताची बाजू वाटीत टेकवली की दाण्यांमधल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने सॉस वर ओढून घेतात. क्षणभरात भाताचा तळ तपकिरी होतो, मुटका सैल पडतो आणि निम्मा भात वाटीतच विरघळल्यासारखा पसरतो. तीच निगिरी आडवी करून केवळ माशाचे टोक टेकवले तर गुळगुळीत मांसावर सॉसचा पातळ थर तेवढा राहतो. जपानमधील निष्णात सुशी कारागीर अनेकदा स्वतःच ब्रशने सॉसचा एक हात फिरवून निगिरी पुढे ठेवतात आणि मग वाटीची गरजच उरत नाही.

माशाच्या बाबतीत लोक घाबरतात ते जंतांना. ती भीती निराधार नाही. फक्त ती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे. समुद्री माशांत ॲनिसाकिस नावाच्या कृमीच्या, दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या, पांढुरक्या, वेटोळे घातलेल्या अळ्या असू शकतात. जिवंत अळी पोटात गेली तर ती जठराच्या अस्तरात घुसण्याचा प्रयत्न करते आणि काही तासांतच असह्य कळा सुरू होतात. डॉक्टर दुर्बिणीने पाहून चिमट्याने ती बाहेर काढतात. कमी मीठ लावलेला हेरिंग मासा खाणाऱ्या रुग्णांत हा आजार १९६० साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. व्हिनेगर, मीठ किंवा सुशीबरोबर येणारी वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी यांनी ही अळी मरत नाही, म्हणूनच व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मॅकरेलमधूनही हा आजार होतो. तिला मारते ती थंडी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार मासा उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावा लागतो. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो आणि दार उघडले की तेवढाही थंड राहत नाही, त्यामुळे घरी सुशी करणाऱ्याने त्याच्यावर विसंबू नये. तयार खाद्यावर वाढवलेल्या संवर्धित सॅल्मनमध्ये हा धोका फारच कमी असतो. जपानमध्ये पॅसिफिक महासागरातला सॅल्मन पूर्वी कच्चा खात नसत. सॅल्मनची सुशी तेथे रुजली ती १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला संवर्धित मासा तेथे नेटाने खपवायला सुरुवात केल्यानंतर. ‘गोठवलेला’ हा शब्द पाटीवर दिसला की नाक मुरडणारे लोक पाहिले की मला आश्चर्य वाटते, कारण कच्च्या माशाच्या बाबतीत तोच शब्द सर्वांत दिलासा देणारा आहे.

गोठवण्याने जीवाणू मात्र मरत नाहीत, ते केवळ थांबतात. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा समुद्री जीवाणू १९५० मध्ये ओसाकातील विषबाधेच्या साथीतून सापडला. त्या साथीत २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले. भातही या बाबतीत निरुपद्रवी नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू टिकून राहतात आणि कोमट तापमानात वाढीला लागतात. सुशीच्या भातात ते थोपवते ती आम्लता, बशर्ते व्हिनेगर पुरेसे असेल आणि ते प्रत्येक दाण्याला लागलेले असेल.

आणि मग पारा, ज्याचा हिशेब एका जेवणात कधीच दिसत नाही. पाण्यातील जीवाणू पाऱ्याचे मेथिलमर्क्युरी या विषारी संयुगात रूपांतर करतात, ते सूक्ष्म जीवांतून लहान माशांत आणि तेथून मोठ्या माशांत साठत जाते. वर्षानुवर्षे जगणारा आणि इतर मासे खाणारा ट्यूना या साखळीच्या टोकाशी असतो. हे संयुग माशाच्या चरबीत नव्हे तर प्रथिनांत बांधलेले असते, त्यामुळे चरबी काढून किंवा मासा धुऊन काही साधत नाही. अमेरिकी मोजणीनुसार बिगआय ट्यूनात दर ग्रॅममागे सरासरी ०.६८९ मायक्रोग्रॅम पारा आढळतो, तर सॅल्मनमध्ये ०.०२२. युरोपीय प्राधिकरणाने २०१२ मध्ये आठवड्याची सुरक्षित मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.३ मायक्रोग्रॅम ठरवली, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसासाठी ७८ मायक्रोग्रॅम. बिगआय ट्यूनाच्या नऊ-दहा निगिरींतच ही मर्यादा गाठली जाते. सॅल्मनने ती गाठायची तर आठवड्याला साडेतीन किलो मासा खावा लागेल. शरीरातून मेथिलमर्क्युरी निम्मे बाहेर पडायला सुमारे ५० दिवस लागतात. कधीतरी खाल्लेला ट्यूना त्या अवधीत हळूहळू निघून जातो. दर आठवड्याला दोनदा खाल्लेला निघून जाण्याआधीच त्यावर पुढचा थर चढतो आणि काही महिन्यांत रक्तातील पातळी वरच्या एका टप्प्यावर स्थिरावते.

रोल ज्यात गुंडाळतात त्या समुद्री शैवालाच्या कागदासारख्या पापुद्र्याबद्दल, म्हणजे नोरीबद्दल, थोडक्यात सांगायचे तर ती आयोडीन देते आणि कोम्बू या दुसऱ्या शैवालाच्या तुलनेत कितीतरी कमी देते, त्यामुळे तिची चिंता करण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र येथे सांगितल्यावाचून राहवत नाही: २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जपानी लोकांच्या आतड्यातील जीवाणूंत नोरीतील शर्करा पचवणारे विकर तयार करणारी जनुके सापडली आणि ती समुद्रातील जीवाणूंकडून त्यांच्यात आलेली होती.

आठवड्यातून दोन-तीनदा सुशी खाणाऱ्याने एवढे बदल केले तरी पुष्कळ आहे: ट्यूनाऐवजी बहुतेक वेळा सॅल्मन, मॅकरेल किंवा सार्डिन घ्यावा, रोलऐवजी निगिरी किंवा थोड्या भाताबरोबर सशिमी मागवावी, जेवणाची सुरुवात उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगांनी किंवा भाज्यांच्या सॅलडने करावी आणि मिसो सूप व सोया सॉस यांपैकी एकालाच जागा द्यावी. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी कच्चा मासा टाळावा, कारण लिस्टेरियासारखा जीवाणू फ्रीजच्या तापमानातही वाढतो. त्यांच्यासाठी शिजवलेली कोळंबी, अंडे, काकडी किंवा ॲव्होकॅडोची सुशी असतेच. बिगआय ट्यूना मात्र गरोदरपणात शिजवूनही घेऊ नये, कारण आचेने जंत आणि जीवाणू मरतात, पारा होता तेवढाच राहतो.