व्हील बेअरिंग (पिकअप गाडीचे)

पिकअप गाडीच्या चाकाचा हब (चाक ज्यावर बसते तो मधला तुंबा) ज्यावर फिरतो तो भाग. मराठी तांत्रिक परिभाषेत बेअरिंगला ‘धारवा’ हा शब्द आहे. गॅरेजात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र ‘बेअरिंग’ हेच नाव चालते, म्हणून या नोंदीतही तेच वापरले आहे. चाकाला फिरण्याची पूर्ण मोकळीक द्यायची, पण वर-खाली किंवा आत-बाहेर जराही हलू द्यायचे नाही, असे त्याचे दुहेरी काम असते. गाडीचे आणि मालाचे ओझे, खड्ड्यांचे दणके आणि वळणावरचा आडवा रेटा हे सारे मुठीत मावणाऱ्या या पोलादी भागातून रस्त्यावर उतरते.

रचना : जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये पुढच्या प्रत्येक हबात दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. आतले मोठे, बाहेरचे लहान, आणि दोन्हींची तोंडे परस्परविरुद्ध. रुळांसकट असलेल्या आतल्या कड्याला ‘कोन’ आणि हबात ठोकून बसवलेल्या बाहेरच्या कड्याला ‘कप’ म्हणतात. रूळ शंकूच्या आकाराचे आणि तिरके बसवलेले असल्यामुळे उभा भार आणि आडवा रेटा दोन्ही पेलले जातात. अमेरिकेत सेंट लुईस येथे घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांना नेमकी वळणावरच्या आडव्या रेट्याचीच अडचण होती. त्यांनी रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांच्यासह 1898 मध्ये टेपर रोलर बेअरिंगचे पेटंट मिळवले. आजच्या हबातली रचना मूळ तत्त्वात तीच आहे.

नव्या गाड्यांत बहुधा सीलबंद बेअरिंग येते. त्यात छर्ऱ्यांच्या किंवा रुळांच्या दोन ओळी आणि ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. काही प्रकारांत ते नकलमध्ये (हब ज्यात बसतो त्या ओतीव भागात) प्रेसने दाबून बसवतात, तर काहींत हबसकट अख्खे युनिट बोल्टने आवळतात. अशा बेअरिंगला ग्रीसही भरता येत नाही आणि त्याची ढिलाईही काढता येत नाही. खराब झाले की बदलणे एवढेच उरते. मागच्या धुरीत दोन तऱ्हा आढळतात. सेमी-फ्लोटिंग प्रकारात चाकाचा भार एक्सल शाफ्टच, म्हणजे चाक फिरवणारा दांडाच, पेलतो. फुल-फ्लोटिंग प्रकारात धुरीच्या नळीवर बसलेली बेअरिंगजोडी भार पेलते आणि शाफ्ट केवळ चाक फिरवतो.

बिघाडाची कारणे : बेअरिंग केवळ वयाने मरते असे फार थोड्या वेळा घडते. बहुतेकदा त्याला भार, पाणी किंवा बसवणाऱ्याचा हात मारतो. यांतला भार सर्वांत कमी लेखला जातो. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या सुमारे 3.33 व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे चाकावरचा भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्याहून कमी होते, आणि दुप्पट झाला की एक दशांशावर येते. हे गणित 1947 मध्ये लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी मांडलेल्या सिद्धांतावर उभे आहे. त्यातले ‘आयुष्य’ म्हणजे शंभरांपैकी नव्वद बेअरिंग जेवढे टिकतात तेवढे. कांदा किंवा टोमॅटो बाजार समितीत नेताना चार क्रेट जास्त टाकले तर काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर या एका घातांकात आहे. चाक बाहेर काढण्यासाठी लावलेले स्पेसर आणि रुंद रिम हेही तेच करतात. भार बेअरिंगच्या मध्यापासून दूर सरकतो आणि बेअरिंगवर तरफेसारखा जोर येतो.

पाण्याचा मार्ग फसवा आहे. घाट उतरून आलेल्या गाडीचा हब तापलेला असतो. ती तशीच ओढ्यात घातली की हबातली हवा एकदम आकसते आणि ऑइल सीलच्या (हबाचे तोंड बंद करणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठाखालून पाणी आत ओढले जाते. पाणी शिरलेले ग्रीस दुधाळ दिसते आणि कड्यांवर गंजाचे ठिपके पडतात. वॉशिंग सेंटरवर जोराचा फवारा थेट सीलवर मारल्यानेही हेच होते. कोकणातल्या पावसाळ्यानंतर हब एकदा उघडून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

एक कारण क्वचितच लक्षात येते : वेल्डिंग. पिकअपच्या हौद्याला कठडा किंवा कॅरिअर जोडताना अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेपासून लांब, चाकाला किंवा हबाला लावला तर प्रवाह बेअरिंगमधून जातो. रुळाच्या स्पर्शाच्या जागी बारीक ठिणग्या पडून खड्डे होतात आणि काही दिवसांतच घरघर सुरू होते. चिमटा जोडाच्या अगदी शेजारी लावावा.

निदान : पहिली खूण आवाजाची. वेगाबरोबर वाढणारी, गिअर बदलला तरी न बदलणारी घरघर. टायरचा आवाजही असाच वाटतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी वळवून पाहतात. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. मग जॅक लावून, गाडी स्टँडवर टेकवून चाक वर आणि खाली धरून हलवतात. ‘प्ले’ (ढिलाई) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच तो नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन या चाक ज्यावर वळते त्या सांध्यांचा. प्ले फक्त डावी-उजवीकडे असेल तर आधी टाय रॉड (स्टिअरिंगची चाकाला जोडलेली दांडी) पाहावा. चाक फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला की खरखर बोटांना कळते, कानांपेक्षाही आधी. एक हब जास्त तापला म्हणून लगेच बेअरिंगला दोष देऊ नये, कारण चिकटलेला ब्रेकही तेच करतो. ढिल्या बेअरिंगमुळे चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे अंतर बदलून एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागू शकतो.

ग्रीसिंग आणि बदलणे : उघडता येणारी बेअरिंग साधारण 40 ते 50 हजार किलोमीटरनंतर, आणि पाण्यात बुडाल्यास लगेच, काढून रॉकेलने धुतात. सुकवताना कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवण्याची खोड धोक्याची आहे. कोरडे रूळ सुसाट फिरून त्यांना धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्यातून उडू शकतात. कड्यावर निळसर झाक, रुळांच्या अंतराने पडलेले ओरखडे किंवा सुटलेले टवके दिसले तर कोन आणि कप दोन्ही बदलावे. जुन्या कपात नवा कोन घालणे ही काटकसर नव्हे, नवा कोन वाया घालवणे आहे. मेट्रिक टेपर बेअरिंगच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की भोकाचा व्यास मिळतो : 32207 म्हणजे 35 मिमी. बरीच हब बेअरिंग इंची मापाची असतात, त्यामुळे जुन्याचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्यावा.

नवा कप पितळी सळईने चहूबाजूंनी थोडाथोडा ठोकतात. तळाला टेकला की ठोक्याचा बद्द आवाज खणखणीत होतो, आणि अनुभवी फिटर त्यावरच थांबतो. जुना कप बाहेरून किंचित घासला तर नवा बसवायला तोच ठोकळा म्हणून उत्तम चालतो. ग्रीस तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद बाजूने दाबत राहायचे, रुळांमधून पलीकडे वर येईपर्यंत. हबाची पोकळी ठासून भरू नये, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. लिथियमचे ग्रीस आणि दुसऱ्या जातीचे ग्रीस मिसळले तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकते, म्हणून जुने पूर्ण पुसावे. सील दरवेळी नवे.

यापुढची पायरी म्हणजे हबाचा नट आवळणे, आणि बरीच बेअरिंग इथेच बिघडतात. चाक फिरवत नट घट्ट करायचा म्हणजे रूळ जागेवर बसतात. मग तो सैल करून पुन्हा नुसत्या बोटांनी टेकवायचा, आणि नट फिरू न देणारी नवी कॉटर पिन घालायची. अशा हबात 0.025 ते 0.125 मिमी एवढा प्ले सामान्यतः ठेवतात. जादा घट्ट बेअरिंग तापून जळते. सीलबंद प्रकारात उलट आहे. तिथे नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच (पिळाच्या जोरावरच), टॉर्क रेंचने आवळावा लागतो, आणि तो आवळेपर्यंत गाडी चाकांवर ढकलूही नये. प्रेसने बसवताना जोर नकलमध्ये घट्ट बसणाऱ्या बाहेरच्या कड्यावरच द्यावा. आतल्या कड्यावर दिला तर तो छर्ऱ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणते. एबीएससाठी चुंबकीय पट्टी असलेली बाजू सेन्सरकडे ठेवावी. टाचणी जवळ नेली की ती बाजू ओळखू येते.

काम झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत दोन्ही बाजूंच्या हबांचे तापमान हाताने ताडून पाहतात, चाक पुन्हा उचलून प्ले तपासतात आणि चाकाचे नट परत आवळतात.