जनावर आडवे आले, तर स्टिअरिंग की ब्रेक?

धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळमार्गे मुक्ताईनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ असो, किंवा सातपुड्याच्या पायथ्याने रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा ही गावे जोडत जाणारा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्ग असो, खान्देशातल्या रस्त्यावर जनावर आडवे येणे ही नित्याची बाब आहे. पावसाळ्यात सगळीकडे चिखल झाला की मोकाट गुरे रात्री कोरड्या आणि दिवसाची ऊब धरून ठेवणाऱ्या डांबरावर येऊन बसतात. हरभरा-मका उभा असतो तेव्हा रानडुकरे आणि नीलगायी अंधारात रस्ता ओलांडून शेतात उतरतात. ठेलारी मेंढपाळांचे कळप चराईसाठी हलू लागले की पहाटेच्या धुक्यात अख्खा रस्ता मेंढ्यांनी भरलेला असतो. गाडी सावकाश चालत असेल, तर यांपैकी काहीही पुढे आले तरी थांबता येते. प्रश्न उरतो तो ताशी ७०-८० किलोमीटर वेगाचा, जिथे विचाराला सवड नसते आणि हात आपोआप स्टिअरिंग फिरवतात.

अशा वेळी काय करावे, याबद्दल रस्ता सुरक्षेचे काम करणाऱ्यांचा सल्ला बहुतेक देशांत सारखाच आहे: आपल्या लेनमध्ये राहा, जोरात ब्रेक दाबा, गाडी झटक्याने वळवू नका. हा सल्ला ऐकायला निर्दयी वाटतो. इतकेच नव्हे, तर गणिताच्या पहिल्या पायरीवर तो चुकीचाही वाटतो, आणि म्हणूनच ते गणित आधी मांडून पाहिले पाहिजे.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरचे घर्षण मोटारीला गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे ७० टक्के मंदन देऊ शकते, आणि त्या हिशेबाने ब्रेक लागल्यानंतर थांबायला आणखी ३६ मीटर लागतात. म्हणजे एकूण सत्तर मीटरच्या आसपास. रस्ता ओला होऊन हेच घर्षण ४० टक्क्यांवर आले, तर एकूण अंतर ९६ मीटरपर्यंत जाते.

आता ब्रेकऐवजी वळणाचा हिशेब पाहू. गाडी दोन मीटर बाजूला सरकवून पुन्हा सरळ करायची आहे आणि त्यासाठी गुरुत्वीय प्रवेगाच्या निम्मा प्रवेग आडव्या दिशेने वापरायचा आहे, असे धरले तर सुमारे १.३ सेकंद लागतात. ८० च्या वेगाला तेवढ्या वेळात गाडी २८ मीटर जाते, म्हणजे थांबण्यापेक्षा वळून निसटायला आठ मीटर कमी लागतात. याचे कारण असे, की ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर वळून निसटण्याचे अंतर केवळ वेगाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० ला थांबायला १४ मीटर आणि वळायला १८ मीटर लागतात. ६३ च्या सुमारास दोन्ही अंतरे सारखी होतात. त्यापुढे वळणे जवळचे ठरते. तेव्हा चालकाच्या हाताला जे सुचते ते निदान कागदावर तरी वेडेपणाचे नाही. अडचण अशी, की ज्या वेगाला वळणे फायद्याचे दिसू लागते, त्याच वेगाला वळलेली गाडी सावरणे कठीण होत जाते, आणि वरच्या हिशेबात गाडी वळल्यानंतर कुठे जाते हा प्रश्न विचारलेलाच नाही.

गाडीला वळवणारे आणि थांबवणारे बल एकाच ठिकाणाहून येते: तळहाताएवढ्या चार जागा, जिथे टायर रस्त्याला टेकतो. तिथे मिळणाऱ्या घर्षणाला मर्यादा आहे आणि ब्रेक व स्टिअरिंग या दोघांना ते वाटून घ्यावे लागते. एकाच मोटरीवर ठिबकच्या दोन लाइन जोडल्या की एकीचा कॉक पूर्ण उघडल्यावर दुसरीचे पाणी जसे कमी होते, तसेच हे आहे. घाबरलेला माणूस मात्र दोन्ही एकदम आणि पूर्ण करतो. चाके लॉक झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाते. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना सक्तीची झालेली एबीएस यंत्रणा नेमके हेच टाळते: ती ब्रेक क्षणाक्षणाला सोडते आणि पकडते, त्यामुळे पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही गाडी थोडीफार वळवता येते. एबीएसमुळे घर्षण मात्र वाढत नाही, हे विसरले जाते.

बहुतेक वेळा पहिल्या वळणाने घात होत नाही. गाडी बाजूला जाते, समोर कठडा किंवा ट्रक दिसतो आणि चालक तितक्याच जोराने उलट दिशेला स्टिअरिंग फिरवतो. पहिल्या वळणात एका बाजूला झुकलेले गाडीचे वजन या दुसऱ्या वळणात दुसऱ्या बाजूला फेकले जाते, मागची चाके पकड सोडतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. त्यात आपल्याकडच्या रस्त्यांची भर पडते. दुपदरी रस्त्यावर उजवीकडे वळणे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाच्या तोंडी जाणे. डावीकडे डांबर संपताच साईडपट्टी असते, ती बहुधा डांबरापेक्षा खाली खचलेली असते, आणि तिच्यापलीकडे तापी खोऱ्याची काळी माती. पावसाळ्यात या मातीत चाक रुतले की गाडीचा तळ अडतो आणि वरचा भाग पुढे जातच राहतो. सपाट डांबरावर साधी मोटार सहसा उलटत नाही, ती घसरते. ती उलटते ती बहुतांशी अशी कशाला तरी अडून. माती ओलांडली तर पुढे जुन्या रस्त्यांच्या कडेचे कडुनिंब आणि चिंचा आहेतच.

रावेर-सावद्याहून उत्तरेकडे निघालेल्या केळीच्या ट्रकची गोष्ट आणखी वेगळी आहे. उंच भरलेल्या ट्रकचा गुरुत्वमध्य इतका वर असतो, की आडवा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंत गेला की तो घसरण्याआधीच कलंडतो. म्हणून ट्रकचालकाने वळण्यासाठी सुरक्षितपणे वापरावा असा प्रवेग मोटारीपेक्षा बराच कमी असतो, आणि हिशेब केला तर ताशी ६० च्या वेगाला भरलेल्या ट्रकला वळून निसटण्यापेक्षा थांबणेच थोडे जवळचे पडते. टँकरमध्ये आतला द्रवही वळणाबरोबर एका बाजूला धावतो. काळीपिवळी जीपमध्ये मागे लटकणारी आणि टपावर बसणारी माणसे असतात, तिथे गुरुत्वमध्याचा हिशेब काय करायचा!

आता दुसरी बाजू: न वळता धडक बसलीच तर काय होते? प्रवाशांसह १,२०० किलोची मोटार ८० च्या वेगाने जाताना ब्रेक न लावताही २० किलोच्या कुत्र्याला धडकली, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने तिचा वेग ७९ च्या आसपास येतो. ८० किलोच्या रानडुकराला धडकून तो ७५ होतो, २०० किलोच्या नीलगायीला धडकून सुमारे ६९, आणि ५०० किलोच्या म्हशीला धडकून ५६ ते ५७. गाडीचे नुकसान होते, काच फुटते, पट्टा न लावलेला माणूस जखमी होतो. पण झाडाला धडकलेल्या गाडीचा वेग अर्ध्या-एक मीटरच्या अंतरात शून्य होतो, आणि समोरच्या भरलेल्या ट्रकला धडकली तर ती मागे फेकली जाते. शिवाय धडकेआधी ब्रेक लागलेला असतो, आणि इथे वेगाचा वर्ग आपल्या बाजूने काम करतो. थांबायला लागणाऱ्या ३६ मीटरपैकी पहिल्या २७ मीटरमध्ये वेग ८० वरून ४० वर येतो, म्हणजे गाडीची तीन चतुर्थांश गतिज ऊर्जा तोवर संपलेली असते. पूर्ण थांबता आले नाही तरी दाबलेला ब्रेक वाया जात नाही, तो याचमुळे.

या नियमाला एक खरा अपवाद आहे, आणि तो वजनापेक्षा उंचीचा आहे. स्वीडनमधला एल्क हा प्राणी उंच पायांचा आणि कित्येक क्विंटल वजनाचा असतो. मोटारीची धडक त्याच्या पायांना बसते आणि धड बॉनेटवरून थेट समोरच्या काचेवर येते, जिथे प्रवाशांना वाचवणारे पोलाद जवळपास नसतेच. त्यामुळे तिथे गाड्यांची अचानक वळण्याची चाचणी घेतली जाते. १९९७ मध्ये एका स्वीडिश नियतकालिकाने घेतलेल्या अशा चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास मोटार उलटली, आणि त्यानंतर कंपनीने त्या मोटारीत गाडीचा तोल राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सरसकट बसवली. आपल्याकडे या गटात नीलगायीचा मोठा नर येतो, कारण त्याची खांद्यापर्यंतची उंची दीड मीटरच्या आसपास जाते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेला आणले जाणारे घोडेही त्यात येतात. असे जनावर समोर असेल तर ब्रेकवर वेग जितका उतरवता येईल तितका उतरवावा, मग ब्रेक थोडा सैल करून, रस्ता मोकळा असल्याची खात्री असेल तरच, जनावराच्या मागच्या बाजूने गाडी काढावी. त्याच्या पुढून काढू पाहणारी गाडी ते ज्या दिशेने धावते आहे तिकडेच जाते.

अर्थात जनावर सरळ धावेलच असे नाही. दोन सेकंदांत साधे चालणारे ढोरही दोन-तीन मीटर सरकते, आणि भेदरलेली शेळी अर्ध्या रस्त्यावरून उलट फिरते. शिवाय वाहनाचा वेग ओळखण्याची क्षमता प्राण्यांमध्ये आपण समजतो तितकी नसते. अमेरिकेत काउबर्ड नावाच्या पक्ष्यांना अंगावर येणाऱ्या ट्रकची चित्रफीत दाखवून केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षी कधी उडायचे हे वाहन किती दूर आहे यावरून ठरवतात, ते किती वेगाने येत आहे यावरून नाही, असे त्यात दिसले, आणि ताशी १२० किलोमीटरच्या पुढे त्यांना निसटायला वेळच उरत नव्हता. शिकारी प्राण्यांपासून पळण्यासाठी घडलेल्या मेंदूकडून याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही.

रात्री हे सगळे आणखी अवघड होते. डिपरचा उपयुक्त उजेड साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत, तर ८० ला थांबायला सत्तर मीटर. म्हणजे डिपरवर ८० ने जाणारा चालक आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. गुरे, कुत्री, शेळ्या, नीलगायी यांच्या डोळ्यांच्या मागच्या भागात टॅपेटम ल्युसिडम नावाचा प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे त्यांचे डोळे दुरूनच चमकतात. डुकरांमध्ये हा थर नसतो. रानडुकराचा कळप समोर असला तरी अंधारात डोळे चमकत नाहीत, आणि पाठ करून बसलेल्या काळ्या म्हशीचेही तेच. काही ठिकाणी गुरांच्या शिंगांना रेडियमच्या पट्ट्या लावण्याचे प्रयोग झाले आहेत. या स्वस्त उपायाला खान्देशात व्यवस्थित जागा मिळायला हवी, असे मला वाटते. एक डुक्कर किंवा एक नीलगाय रस्ता ओलांडून गेली तरी वेग वाढवू नये, कारण मागे कळप असतोच. चौपदरी रस्त्यावर दुभाजकाच्या झुडपांतून अचानक निघणारी कुत्री ही नवी भर.

दुचाकीस्वाराला यातला अर्धाच सल्ला लागू पडतो. त्याला कुत्र्याची धडकही पाडू शकते आणि झटक्याचे वळणही. गाडी उभी आणि सरळ असतानाच टायरची सगळी पकड ब्रेकला मिळते, म्हणून आधी सरळ रेषेत, पुढचा आणि मागचा ब्रेक मिळून, वेग उतरवायचा आणि वेग उतरल्यावर वाट काढायची. आणि डोळे जनावरावर खिळू द्यायचे नाहीत, कारण दुचाकी नजर असेल तिकडे जाते.

आपल्याकडे हात स्टिअरिंगकडे जाण्यामागे केवळ प्रतिक्षिप्त क्रिया नसते, हेही मान्य करायला हवे. गाय मेली तर पाप लागेल ही श्रद्धा असते, शेळी मेली तर मालक भरपाई मागेल आणि गर्दी जमेल ही धास्ती असते, आणि मुक्या जिवाबद्दलची साधी दयाही असते. यातले काहीही खोटे नाही. पण हे सगळे विचार गाडीचा वेग ८० असताना करायचे नसतात. वस्तीजवळ, शेतांच्या पट्ट्यात आणि जंगलाच्या कडेने ५० वर येणाऱ्या चालकाला थांबणेच जवळचे पडते, आणि जनावरही बहुधा वाचते.

धडक झालीच, तर गाडी कडेला घेऊन चारही इंडिकेटर लावावेत. रस्त्यात पडलेल्या जनावरामुळे मागून येणाऱ्या वाहनांचे अपघात होतात, आणि मेलेल्या जनावराकडे कोल्हे-कुत्री येऊन रस्त्यावर नवी धडक ओढवते. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर कळवता येते, माणसे जखमी असतील तर ११२. वन्यप्राणी असेल तर वनविभागाचा १९२६, आणि गाय, म्हैस, शेळीसाठी पशुवैद्यकीय मदतीचा १९६२. जखमी नीलगाय किंवा रानडुक्कर निपचित पडलेले दिसले तरी जवळ जाऊ नये. ते उठते तेव्हा समोर जो असेल त्याच्यावर धावून जाते.