जाळी थांबवली की मासे परत येतात?

मासे कमी झाले तर काही वर्षं मासेमारी बंद ठेवा, समुद्र आपोआप भरतो, असं सर्रास सांगितलं जातं. काही ठिकाणी ते खरंही ठरलंय. पण कायमचा नियम म्हणून ते चुकीचं आहे.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडचं उदाहरण घ्या. 1968 साली तिथं सुमारे 8 लाख टन कॉड मासा पकडला गेला. साठा कोसळल्यावर जुलै 1992 मध्ये बंदी आली, तीही दोन वर्षांसाठी. प्रत्यक्षात ती उठायला 2024 उजाडलं!

असं का झालं? कॉडचं मुख्य खाद्य म्हणजे कॅपेलिन हा छोटा मासा. 1990च्या सुमारास पाणी असाधारण थंड झालं आणि कॅपेलिनही कोसळला. म्हणजे जाळी थांबली, पण ताट रिकामंच. दुसरीकडे, कॉडचा धाक उरला नाही आणि गार पाणीही मानवलं, म्हणून कोळंबी आणि खेकडे वाढले. मच्छीमार तिकडे वळले. पुढे पाणी तापलं तशी कोळंबीही घटली.

बाल्टिक समुद्रातला प्रकार तर आणखी गमतीचा. कॉड ज्या हेरिंग आणि स्प्रॅट माशांना खातो, तेच कॉडची अंडी खातात. मोठे कॉड विरळ झाले की भक्ष्यच भक्षक होतं, आणि नुसत्या बंदीने हे फिरलेलं चक्र उलटं फिरेलच असं नाही.